डावीकडचा समुद्र

मुहर्रक, ३ जून १९९६

चि. सौ. भागीरथा हिला रामजीदादाचा जयभीम व पोटभर आशीर्वाद, वि. वि.

लोक सुट्टीत घर सोडून फिरतात. तुम्ही घरालाच चाकं लावून निघालात. वैराग्याची ही शाखा माझ्या संस्कृतच्या मास्तरांना ठाऊक नव्हती. तेही स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सोबत आपल्याकडची सुकट. वास सुटला तर गाडीमागे सीलची रांग लागेल.

इकडे आखातात ठीक. रिफातल्या तुझ्या घरच्या कढीपत्त्याला दिवसाआड पाणी घालतो. त्रेचाळीस डिग्रीत तो आणि मी दोघेही कसेबसे हिरवे आहोत.

एक विचारायचं होतं. लंडनचा शब्बीर तुमची गाडी जपून चालवतो ना? दाजींना म्हणावं, मागे पाय पसरून बसा आणि जनावरं मोजा. उत्तर लगेच टाक, आळस करू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
दादा

*

डरनेस, १२ जून

ती. दादांस भागीचा वाकून जयभीम.

पत्र आज इथल्या पोस्टात मिळालं. सुकटीवर हसले, आणि पुढच्या ओळीला हसू थांबलं. शब्बीरभाई कुठले, दादा? ते लंडनच्या विमानतळावर भेटून खजुराचा डबा घेऊन गेले. गाडीत आम्ही दोघंच आहोत आणि चालवतात हेच.

तेव्हापासून मागचं एकेक आठवून बघते आहे. इकडे येताना समुद्र सबंध वेळ डावीकडे होता. मी खडकावर लोळणारे सील दाखवले, पाणमांजर दाखवलं, रंगीत चोचीचे पक्षी दाखवले. हे म्हणाले, तुला भास होतात. उजवीकडच्या डोंगरावरचं हरीण मात्र माझ्याआधी यांनीच पाहिलं. काल डावीकडून मेंढी आडवी आली. मी ओरडले तेव्हा कुठे ब्रेक लागला. म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. दादा, पाऊस पडत होता.

पुढचा रस्ता एका गाडीपुरता आहे आणि डाव्या अंगाला खाली सरळ पाणी. फोन करायला गेले तर हे बाजूला येऊन उभे राहतात. मी पोट दुखतंय म्हणून आडवी पडले आहे. सोंग किती दिवस टिकेल सांगता येत नाही. तुम्हांला काय ठाऊक आहे ते इथेच कळवा.

तुमची,
भागी

*

मुहर्रक, १८ जून

चि. भागी,

आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही.

एप्रिलमध्ये मनामातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाजींना मीच घेऊन गेलो. डाव्या बाजूचं दिसणं जवळजवळ गेलेलं आहे, ते परत यायचं नाही, गाडी आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर दाजींनी माझा हात धरला. म्हणाले, कंपनीला कळलं तर व्हिसा गेला, भागीला कळलं तर ही सुट्टी गेली. गाडी शब्बीर चालवेल, मी नुसता बघत बसेन, दिसतंय तोवर. त्यांनी शपथ घातली. मी म्हटलं, खलास, विषय संपला, कुठे बोलणार नाही.

अप्रिय सत्य गिळावं, असं मी संस्कृतात शिकलो. ज्या पोथीतून ते आलं ती आपल्या आबांनी महाडला जळताना पाहिली होती, हे सोयीनं विसरलो. आबांसमोर जळलं त्यातलं तेवढंच मी जपून ठेवलं.

तुमच्या तळाचा फोन नंबर कुणाकडे नाही. रात्रंदिवस डोक्यावरून विमानं जातात. प्रत्येकात तुझं पत्र असेल असं वाटतं, आणि नसलेलं बरं असंही वाटतं.

किल्ली काढून घे. मी सांगितलं म्हणून सांग. दाजी माझ्याशी बोलणार नाहीत, न बोलोत. जिवंत मेहुण्याचा अबोला मला चालेल.

रामजी

*

डरनेस, २० जून

ती. दादांस,

तुमचं पत्र अजून नाही. पोस्टातली बाई मला बघून आधीच मान हलवते.

आज सकाळी यांनी ऐकलं नाही. मला पोटाची गोळी दिली, दारं लावली, गाडी सुरू केली. तळाच्या फाटकाच्या डाव्या खांबाशी एक बाई कुत्रं घेऊन उभी होती. यांनी गाडी तिच्याच अंगावर घातली. मी हँडब्रेक ओढला; कुत्र्याची दोरी चाकाखाली आली होती, बाई नाही. मग पोटदुखीनंतरचं दुसरं खोटं बोलले. म्हटलं, "दादांनी मला सगळं कळवलंय."

मला काहीच ठाऊक नव्हतं, दादा.

यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "रामजीनं शपथ मोडली होय." किल्ली माझ्या मांडीवर ठेवली आणि मनामापासूनचं सगळं आपणच सांगितलं.

भाड्याची गाडी परत न्यायला माणूस येतो आहे, आम्ही बसनं जाऊ. मी निघेपर्यंत हे गाडीच्या पायरीवर बसले होते, समुद्राकडे पूर्ण मान वळवून. काय काय दिसतंय ते मला विचारत होते, मी सांगत होते. व्हिसाचं काय, उरलेल्या उजव्या बाजूचं काय, ही धास्ती मात्र मनातून जात नाही.

यांचा तुमच्यावर राग आहे, शपथ मोडल्याचा. तुम्ही ती खरंच मोडली असेल तर तो सुखानं घ्या. मोडली नसेल तर माझा घ्यायची तयारी ठेवा. मी पोस्टाच्या दारात बसून हे लिहिते आहे. दुपारच्या सुट्टीनंतर ते उघडायला अजून वीस मिनिटं आहेत.

भागी