जप्त हातपंप आणि निळा कुत्रा यांबाबत

दिनांक : ९ मार्च

प्रति,
मा. उपअधीक्षक,
सार्वजनिक उद्याने विभाग,
नगर परिषद कार्यालय, दुसरा मजला
(जिन्याच्या डाव्या हाताची, पंखा बंद असलेली खोली)

विषय : बागेत जप्त झालेला सायकलचा हातपंप रविवार, दि. १४ रोजी सकाळी सात वाजता, निदान तीन तासांपुरता, मिळणेबाबत.

संदर्भ : १) बागेच्या राखणदारांनी दि. ७ फेब्रुवारी रोजी केलेला जप्तीचा पंचनामा.
२) प्राणी विभागाची दि. २४ फेब्रुवारीची नोटीस.
३) आपल्या कार्यालयाच्या खिडकी क्रमांक तीन, पाच, पुन्हा तीन आणि एक येथे झालेली तोंडी बोलणी.

महोदय,

अर्जदार सविनय सादर करतो की, आपल्याच कार्यालयासमोरच्या टंकलेखनाच्या दुकानात त्याने तेहतीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून दिले. आपल्या कपाटांतले निम्मे कागद त्याच्या हातचे निघतील. स्वतःसाठी मात्र हा पहिलाच अर्ज. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या वतीने लिहून 'मी' म्हणण्याची सवय मोडली आहे, त्यामुळे तो येथेही स्वतःला अर्जदारच म्हणत आहे. पहिलेपणाच्या उत्साहात मजकूर लांबला तर सांभाळून घ्यावे.

१. निवृत्तीनंतर अर्जदाराला लांबट फुगे पिळून त्यांचे प्राणी, टोप्या, तलवारी आणि फुले करण्याचा छंद जडला. वाढदिवस असो की सुट्टीचा दिवस, बोलावणे आले की अर्जदार पंप आणि फुग्यांची पिशवी घेऊन हजर. मोबदला म्हणून त्याने आजवर केकच्या तुकड्यापलीकडे काही घेतलेले नाही, आणि तोही रक्तातल्या साखरेमुळे पत्नी अर्धाच खाऊ देते. ज्या रविवारी बोलावणे नसते त्या रविवारी तो बागेतल्या घसरगुंडीजवळच्या बाकावर सराव करतो. तेथे मुले गोळा होतात हे खरे आहे. त्याला अर्जदाराचा नाइलाज आहे.

२. दि. ७ फेब्रुवारी रोजी बागेवर नवे राखणदार रुजू झाले. नवा गडी, त्यात नियमावली ताजी पाठ. त्यांनी नियम चौदा मोठ्याने वाचून दाखवला, की बागेत हवा भरण्याचे अथवा पाणी उपसण्याचे कोणतेही यंत्र विनापरवाना चालवू नये. मुलांनी तो मन लावून ऐकला. अर्जदाराने हातपंपाला यंत्र म्हणावे का, अशी शंका काढून पाहिली, पण नियमात कुठे हाताचा अपवाद नव्हता. राखणदारांबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. जप्ती आटोपल्यावर त्यांनी कुत्र्याचे कान कसे करतात ते नीट विचारून घेतले, आणि त्यांचा तिसरा प्रयत्न खरोखर बरा होता.

३. घोळ झाला तो पंचनाम्यात. त्यात मुद्देमाल म्हणून लिहिले आहे : '(अ) पंप, एक. (आ) कुत्रा, एक, निळा.' फुगा हा शब्द राहून गेला. लिहिताना कुत्रा राखणदारांच्या मांडीवरच होता, तेव्हा तो कशाचा आहे हे वेगळे लिहायचे त्यांना सुचले नसावे. हा कागद फिरत फिरत प्राणी विभागात गेला आणि अर्जदाराच्या घरी नोटीस आली, की आपल्या कुत्र्याची नोंदणी नाही, लस टोचल्याचा दाखला नाही, गळ्यात पट्टा नाही. मागोमाग एक निरीक्षकही आले. अर्जदाराच्या पत्नीने त्यांना चहा दिला आणि पलंगाखाली, कपाटात, धुण्याच्या टोपलीत असे सगळीकडे दाखवले. निरीक्षकांनी शेरा मारला : 'कुत्रा आढळून आला नाही. लपवल्याचा संशय.' पत्नीने अडतीस वर्षे घरात साधे मांजर येऊ दिलेले नाही. तिने हा शेरा फारच मनाला लावून घेतला आहे.

४. दरम्यान अर्जदार परवान्यासाठी आला. खिडकी क्रमांक तीनवर सांगण्यात आले, की परवान्याच्या नमुन्यात फक्त 'व्यवसाय' हा रकाना आहे, छंदाला परवाना देता येत नाही. खिडकी क्रमांक पाचवर सांगण्यात आले, की परवाना दाखवल्याशिवाय पंप सोडता येत नाही. पुन्हा तीनवर गेल्यावर तेथील कारकुनांनी मार्ग काढला, की अर्जदाराने आधी व्यवसाय सुरू करावा आणि परवाना मिळताच बंद करावा. सहासष्टाव्या वर्षी तीन दिवसांसाठी धंद्यात पडणे अर्जदाराला झेपण्यासारखे वाटले नाही. खिडकी क्रमांक एकवरील बाई म्हणाल्या, की बाजारात पंप ढिगाने मिळतात, नवा घ्या आणि सोडून द्या. सल्ला प्रेमाचा होता. तो का मानता आला नाही, ते कलम सातमध्ये येईल.

५. आता एक गोष्ट अर्जदार आपण होऊन कबूल करतो. सध्या आपल्या भांडारात असलेला कुत्रा हा मूळ कुत्रा नव्हे.

नियमाप्रमाणे मुद्देमाल सुनावणीपर्यंत जसाच्या तसा राहायला हवा, आणि दर सोमवारी व गुरुवारी त्याची तपासणी होते. नोंदवहीत भांडारपाल बाईंनी पहिल्या दिवशी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'स्थिती : फुगलेला.' चौथ्या दिवशी कुत्र्याचे पाय मऊ पडले, अंगावर सुरकुत्या आल्या आणि मान खाली गेली. बाईंची निवृत्ती पुढच्या वर्षी आहे. सत्तावीस वर्षांत त्यांच्या ताब्यातली टाचणीदेखील हरवलेली नाही. त्या जेवणाच्या सुट्टीत अर्जदाराकडे आल्या आणि त्यांनी कुत्रा टेबलावर ठेवला. अर्जदाराने त्यांना दुसरा करून दिला. तेव्हापासून प्रत्येक तपासणीआधी एक, असे आजवर आठ कुत्रे झाले. मध्ये निळे फुगे संपले म्हणून एक हिरवा झाला होता. त्या दिवशी तपासनीस रजेवर होते, हे सर्वांचेच नशीब. पुराव्याशी छेडछाड झाली असेल तर तिचा सगळा दोष अर्जदाराचा आहे. बाईंना त्याची झळ लागू नये, ही कळकळीची विनंती.

६. यातला खरा विनोद असा, की आरोपीने पुरावा ताजा ठेवायचा आणि तोही पंपाशिवाय, कारण पंप त्याच भांडारात लाखेचा शिक्का मारून काचेच्या कपाटात उभा आहे. अर्जदार भांडारात बसून त्याच्याकडे बघत तोंडाने फुगे भरतो. हे लांबट फुगे साध्या फुग्यांसारखे गरीब नसतात. पहिल्या बोटभर हवेसाठी प्राण कंठाशी येतो, कानात दडे बसतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शिवाय फुगा पूर्ण भरून चालत नाही. शेवटी चार बोटे शेपूट रिकामे सोडावे लागते, कारण प्रत्येक पिळ्याबरोबर हवा पुढे सरकते आणि तिला जायला जागा लागते. नवशिका हौसेने टम्म भरतो आणि तिसऱ्या पिळ्याला फुगा फटकन फुटतो. सोमवारी आठवा कुत्रा करताना अर्जदाराला भोवळ आली. डॉक्टरांनी गाल तपासून विचारले, की आपण तुतारी वाजवता का. अर्जदाराने खरे कारण सांगितले नाही.

७. आता पंपाविषयी. तो अर्जदाराचा नाही, त्याच्या मावशीचा आहे.

मावशीला सायकल चालवायची होती. सतराव्या वर्षी तिने बटणे शिवून शिवून जे जमवले त्यात सायकल बसत नव्हती, पंप बसत होता. म्हणून तिने आधी पंप घेतला, की एक वस्तू आली म्हणजे दुसरी येतेच. थोरल्या भावाने पंप पाहून घरात आकाशपाताळ एक केले. मावशीने तो धान्याच्या डब्यामागे ठेवला आणि वाट पाहिली. पुढे ती स्वतः कमावू लागली, तिने स्वतंत्र खोली घेतली, दुकानात जाऊन काळी सायकलही पसंत करून आली. त्याच महिन्यात तिची धाकटी बहीण वारली आणि बहिणीचे चार वर्षांचे मूल मावशीकडे आले. ते मूल म्हणजे प्रस्तुत अर्जदार.

अर्जदाराने मोठेपणी एकदा तिला विचारले, की मग सायकल का नाही घेतलीस. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोलीत एकच मावत होतं. तुला ठेवलं."



८. पंप मात्र मावशीने कधी टाकला नाही. दर वर्षी त्याला तेल दिले. अर्जदार फुग्यांच्या नादी लागला तेव्हा तिने तो त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, की कुणाच्या तरी हवेच्या कामी येऊ दे. अर्जदाराने बॉलपेनचे टोक कापून त्याच्या नळीला बसवले. तीन वर्षांत त्याने शेकडो प्राणी फुगवले.

येत्या रविवारी, दि. १४ रोजी, मावशीला नव्वद वर्षे पूर्ण होत आहेत. काय हवे असे विचारले तर इतकी वर्षे ती "काही नको, पसारा होतो," म्हणायची. यंदा म्हणाली, "फुग्यांची का होईना, मला सायकल कर. आणि माझ्याच पंपाने कर."

९. अर्जदाराने कागदावर आकडेमोड केली आहे. दोन चाके, सांगाडा, हँडल, बसायची जागा, मागे कॅरियर आणि एक लाल घंटी धरून शहाण्णव फुगे लागतात. आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही, कुत्रा चार दिवस टिकतो पण चाके सांगाड्याच्या भाराने सकाळपर्यंत बसतात. म्हणजे सर्व काम रविवारी सकाळी सात ते दहा. तोंडाने आठ कुत्र्यांत भोवळ आली, शहाण्णव फुग्यांत काय होईल हे डॉक्टरांना विचारायची गरज नाही. सुनावणी दि. १६ रोजी ठेवली आहे. दोन दिवस उशिरा मिळालेला पंप अर्जदार अवश्य घेईल, पण नव्वदीला दोन दिवसांची मुदतवाढ मागायची कुठल्या खिडकीवर, हे त्याला तेहतीस वर्षांच्या अनुभवानंतरही माहीत नाही.

मावशीला जप्तीचे कळू दिलेले नाही. पंप वायसर बदलायला दिला आहे, असे सांगितले आहे. ती रोज सकाळी विचारते, वायसर मिळाला का. अर्जदार रोज सांगतो, मिळेल. गेला महिनाभर तो तिच्याशी खोटे बोलतो आहे आणि त्याला ते फार लागते.

१०. सबब प्रार्थना अशी :

(अ) शक्य असल्यास पंप शनिवारपर्यंत मोकळा करावा.

(आ) नियमात ते बसत नसेल तर पंप जप्तीतच राहू द्यावा, फक्त जप्ती तीन तास अर्जदाराच्या घरी यावी. भांडारपाल बाई पंप घेऊन येण्यास तयार आहेत. नोंदवहीत 'पाहणीसाठी बाहेर' असा रकाना आहे आणि सत्तावीस वर्षांत तो एकदाही भरलेला नाही, असे त्या म्हणाल्या. पंप त्याच मारतील, अर्जदार त्याला हातही लावणार नाही. तो फक्त फुगे पिळील. घर म्हणजे बाग नव्हे, त्यामुळे नियम चौदाचा भंग होत नाही. राखणदारांचीही त्या दिवशी सकाळची सुट्टी आहे. ते कान पिळण्यात तरबेज झाले असल्याने चाकांच्या आऱ्या त्यांच्याकडे सोपवल्या आहेत.

(इ) पाहणी काटेकोर व्हावी म्हणून आपण स्वतः येणे उत्तम. केक दहा वाजता कापला जाईल. घरी कुत्रा नाही, याचीही आपल्याला समक्ष खात्री करून घेता येईल आणि तसा शेरा आपल्या सहीने मिळाल्यास अर्जदाराच्या पत्नीला बरे वाटेल.

पंप आपला कसा, असे खिडकी क्रमांक पाचवर विचारण्यात आले होते. त्याचा पुरावा काल मावशीच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या तळाशी मिळाला. तो मूळ स्वरूपात जोडला आहे. काम झाल्यावर कृपया जपून परत करावा, तिला तो डब्यात नेमका कुठे होता हे ठाऊक असते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, आणि तूर्त गाल शेकत असलेला,

(सही)
अर्जदार

सोबत :
१) जप्तीच्या पंचनाम्याची प्रत.
२) प्राणी विभागाच्या नोटिशीची प्रत, निरीक्षकांच्या शेऱ्यासह.
३) कुत्रा, एक, निळा, फुग्याचा. (नमुन्यादाखल. गुरुवारपूर्वी पाहावा.)
४) पंप खरेदीची मूळ पावती, त्र्याहत्तर वर्षांपूर्वीची, मावशीच्या नावे. तळाशी दुकानदाराच्या हस्ताक्षरात : 'सध्या पंप नेला. सायकल नंतर नेणार.'