आठ तारांची शिलाई

३ मार्च

तीर्थरूप बाबांस,
टाचणीचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल काल पोचलं. तुम्ही केलेल्या कॉम्प्युटर जोडायच्या वायरी बघून मी आधी दार लावून घेतलं आणि मग पोटभर हसले. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कापडाची नंबरपट्टी, तीही शिवलेली! इतकी देखणी वायर आमच्या ऑफिसात कुणी पाहिलेली नाही. मागच्या खेपेला माझी बोटं वायरीतल्या त्या आठ बारीक तारांशी झगडताना बघून तुम्ही हातातली पक्कडच काढून घेतलीत, तेव्हा मला जरा राग आला होता. तो परत घेते.

आईने विचारलं आहे, खोलीत नक्की काय मांडलंय. तर चपलांची मांडणी होती, तिच्यावरच्या चपला पलंगाखाली गेल्या. वरच्या फळीवर ऑफिसने भंगारात काढलेले दोन स्विच आहेत. हे दिव्याचं बटण नव्हे. बऱ्याच कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणारी चपटी पेटी असते. ते मी साहेबांची लेखी परवानगी घेऊन आणले. साहेब म्हणाले, कचऱ्यासाठी अर्ज करणारी तू पहिलीच. मधल्या फळीवर दुरुस्तीच्या दुकानातून आणलेला जुना राउटर, खाली एका बाजूचं झाकण हरवलेला कॉम्प्युटर. झाली माझी प्रयोगशाळा. नवं सामान घेणं झेपलंच नसतं, आणि नुसती पुस्तकं वाचून नेटवर्कची ही परीक्षा होत नाही. कॉम्प्युटरांचं जाळं स्वतः उभारायचं, बिघडवायचं, पुन्हा उभं करायचं, तेव्हा कुठे हात बसतो.

परीक्षा एप्रिलच्या शेवटी आहे. पास झाले तर नेटवर्कच्या खोलीतली जागा मला, नाहीतर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणं आहेच. जागा एकच आहे, हे साहेबांनी दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी मला पुरलं असतं.

आईला नमस्कार. तुमच्या मायेत कसर नसतेच, तरी मागून ठेवते.

आपली,
टाचणी


९ मार्च

चि. टाचणी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनवर तुझी आई मला तिसऱ्या शब्दाला थांबवते, त्यामुळे पत्रच बरं. वायरींबद्दल लिहिलंस तेवढा भाग मी दुकानात दोघा गिऱ्हाइकांना वाचून दाखवला. त्यातल्या एकाची पँट उशिरा मिळाली, पण त्याची काही तक्रार नाही.

तू रंगांचा क्रम काढून दिला होतास तो कागद समोर टाचूनच काम केलं. तू ठेवून गेलेल्या तपासणीच्या डबीत प्रत्येक वायर घालून बघितली, हिरवे दिवे ओळीने लागले. लांबी मात्र जास्त ठेवली आहे. कापड कमी पडलं तर वाढवता येत नाही, जास्त असलं तर आत दुमडता येतं.

काळजी करू नकोस असं लिहिणार होतो. पण तू मोजपट्टीवर आकडे शिकलीस तेव्हाही शेवटाला पोचल्यावर पुन्हा एकपासून मोजायचीस, मधला एखादा निसटला तर नाही ना म्हणून. तेव्हा काळजी कर, पण जेवून कर. आई म्हणते, चपला पलंगाखाली नकोत.

आमचं लक्ष तुझ्याकडेच आहे हे तुला ठाऊक आहे.

तुझे,
बाबा


२ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

माझं जाळं चालत नाही. चालतं आणि पडतं. छोटा निरोप इकडून तिकडे जातो, मोठी फाइल पाठवली की अर्ध्यात अडखळते. मी स्विचच्या सगळ्या सूचना पुसून पहिल्यापासून घातल्या. पुन्हा तेच. राउटर बदलून बघितला, पुस्तकाचा तो धडा ओळ न ओळ परत वाचला. कुठेतरी माझंच चुकतंय आणि मला ते दिसत नाहीये. चपलांच्या मांडणीवरच्या दोन पेट्या ज्या बाईला आवरत नाहीत, तिच्या हाती अख्ख्या ऑफिसचं जाळं कुणी का द्यावं?

परीक्षा पुढे ढकलावी असं मनात आहे. पण तोवर ती जागा राहायची नाही. फोनवरचं काम तसं वाईट नाही, असं स्वतःला समजावून बघते. समजत नाही.

रागवा, पण विसरू नका.

टाचणी


७ एप्रिल

चि. टाचणी हिस,
आशीर्वाद.

तुझ्या यंत्रांतलं मला काही कळत नाही. कोटाचं सांगतो. खांद्यावर चुणी दिसली की नवखा शिंपी खांदाच उसवत बसतो. पुन्हा शिवतो, पुन्हा चुणी. चूक असते बाहीच्या जोडात, जिथे त्याने बघितलेलंच नसतं, कारण तिथलं काम छान झालंय अशी त्याची खात्री असते. तुझी जिथे खात्री आहे, तिथे उलटून बघ.

परीक्षेची तारीख हलवायची नाही. आईला पत्र वाचून दाखवलं नाही. तिने ते स्वतःच वाचलं.

पाठीवर हात आहे असं समज.

बाबा


१२ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चूक सापडली. तीन दिवस पत्र लिहून फाडते आहे. पण आपल्या घरचा नियम तुम्हीच शिकवलात, की शिलाईत खोट असेल तर दुसऱ्याच्या लक्षात यायच्या आत आपण सांगायचं. म्हणून लिहिते.

चूक वायरींत आहे.

तुमचं पत्र वाचून मी विचार केला, माझी खात्री कशावर आहे? स्वतःच्या कामावर तर कधीच नसते. खात्री होती ती तुमच्या हातावर. तुमची शिलाई उलटून बघायची मला सवयच नाही. मी पहिल्या दिवशी केलेली ती वेडीवाकडी वायर, जिला तुम्ही उंदराने कुरतडल्यासारखी म्हणाला होतात, ती लावली. मोठ्यात मोठी फाइल सरळ गेली. मग तुमच्या वायरीचं टोक उजेडात धरलं.

बाबा, तुम्ही हिरव्या तारेशेजारी तिची जोडीदार हिरवी लावली आहे, निळीशेजारी निळी. माझ्या कागदात हिरव्या जोडीची फारकत होती आणि तिच्या मधोमध निळी जोडी होती. दिसायला ते चुकल्यासारखं दिसतं, पण ते तसंच लागतं. एक निरोप एकमेकींना पिळलेल्या दोन तारांतूनच जावा लागतो. वेगळ्या जोड्यांतल्या तारांतून गेला की शेजारचा गोंगाट त्यात शिरतो. तपासणीची डबी फक्त तार टोकापर्यंत पोचते का ते बघते, म्हणून दिवे हिरवे. वायर आखूड असती तर कदाचित चालूनही गेली असती. तुम्ही मायेने लांब ठेवलीत.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मला फार वाईट वाटतंय. उत्तर लवकर पाठवा.

तुमचीच,
टाचणी


१६ एप्रिल

चि. टाचणी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मशीनवरून उठून अंगणात जाऊन बसलो. खोटं कशाला लिहू, लागलं. मग हसू आलं. पहिल्याच वायरीला मला वाटलं होतं, पोरीने घाईत कागद चुकीचा काढला. इतक्या सुंदर पिळलेल्या जोड्या कोण फोडेल? गिऱ्हाईक छातीचं माप कंबरेला सांगतं तेव्हा मी त्याला न लाजवता गुपचूप दुरुस्त करतो, तसं तुलाही दुरुस्त केलं. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पण एक सांग, तू मला हे लिहायला तीन दिवस का घालवलेस? मी माझ्या उस्तादाची कॉलर चुकलेली दाखवली होती तेव्हा एक दिवससुद्धा थांबलो नव्हतो.

सगळ्या वायरी उलट टपालाने पाठव. टोकं कापून नव्याने करतो, या वेळी तुझ्या कागदाबरहुकूम, डोकं न लावता.

तुझे,
बाबा

ता. क. मी आई लिहिते आहे. हे दोन दिवस गिऱ्हाइकांशी बोलत नाहीत, फक्त रंग पुटपुटतात. तू जेव.


३० एप्रिल

तीर्थरूप बाबांस आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले!

निकाल पडद्यावर लगेच येतो. मी तिथल्या बाईंना बोलावून नंबर माझाच आहे ना हे विचारलं. त्यांनी हो म्हटल्यावर पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, नापास झालेलेसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत.

नव्या वायरी परीक्षेच्या आठवडाभर आधी आल्या. दोन्ही पेट्या, राउटर, सगळं जाळं मी त्यांच्यावर रोज उभं केलं आणि मोडलं. एकदाही अडखळलं नाही. मी प्रत्येक टोक उलटून बघितलं, हेही सांगून टाकते.

साहेबांनी आज नेटवर्कच्या खोलीची किल्ली दिली. सर्टिफिकेटची प्रत सोबत आहे. तुमची एक वायर मात्र परत आली नाही. टपालात गहाळ झाली असेल तर चौकशी करू का?

मायेवर हक्क सांगून थांबते.

टाचणी


५ मे

चि. टाचणी हिस,
आशीर्वाद, या वेळी मोजायचे नाहीत.

सर्टिफिकेट तुझ्या आईने कपाटात ठेवलं आहे, चांगल्या कपड्यांच्या घडीत. येईल त्याला दाखवायला काढते आणि हात धुतल्याशिवाय कुणाला धरू देत नाही.

टपालखात्याला त्रास देऊ नकोस. वायर माझ्याकडेच आहे. तिची टोकं मी कापली नाहीत. दुकानात आरशाशेजारच्या खिळ्याला ती टांगली आहे, कोट घालून बघणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी. गिऱ्हाईक विचारतं, शिंप्याच्या दुकानात हे काय? मी सांगतो, हे माझ्या हातचं काम आहे आणि यात एक चूक आहे, बघा दिसते का. लोक चष्मा लावून बघतात. टोकं मोजतात, नंबरपट्टीची शिलाई तपासतात. आजवर एकालाही दिसलेली नाही.

मग मी त्यांना सांगतो, कुणाला दिसली.

तुझे,
बाबा