पेटीत सोडलेली मरळ

दारव्हा, शुक्रवार, ऑगस्ट १९६२

संताप संताप झालाय नुसता. वर्गातल्या काचेच्या पेटीसाठी मी तळ्यातले इवले मासे आणले होते, एकमेकांना न खाणारे, नीट निवडून. तपासणीला साहेब येणार, पेटी भरलेली दिसावी, म्हणून हेडमास्तरांनी मला न विचारता तीत मरळ सोडली. मरळ! सकाळी पेटीत ती एकटीच.

वर मलाच म्हणतात, "मासे ते मासे, बाई. कायले चिडता? पोरींना सांगा, पाणी बाधलं."

मी खोटं सांगू? कशासाठी? सरांच्यादेखतच पोरींना सांगितलं, "मासे मरळीनं खाल्ले, अन् मरळ सरांनी सोडली."

एक पोरगी उठून म्हणाली, "सर, मंग आता तिले खायले काय देता?"

सर तडक निघून गेले. बदली करतील माझी. करू देत.