पन्नास वाक्यं

३ जून, दुपारी ४
बोललेलं टाइप करणारं मशीन आलं. मानेच्या ऑपरेशनपासून दोन्ही हात नुसते लोंबताहेत, पण जीभ शाबूत आहे. ऑफिसच्या पत्रव्यवहार विभागात चोवीस वर्षं तिच्यावरच काढली. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, आधी ही पन्नास वाक्यं वाचून दाखवा, म्हणजे त्याला तुमचा आवाज कळेल. मी काय बालवाडीत आहे? त्याला वाटेला लावलं. पहिला तास नुसता कचरा उमटला. मग आपोआप सुधारलं. माझ्या आवाजात वजन आहे.
संकल्प: रोज रोजनिशी. कोणाचीही मदत नाही.

५ जून
बायकोला म्हटलं, तो जुना वायरलेस कीबोर्ड आता भंगारात दे. बरं म्हणाली. मशीन एकदम फर्स्ट क्लास. फक्त कुकरची शिट्टी झाली की थांबतं. वाफेचा परिणाम असणार.

९ जून
बायको भाजीला गेली की मशीन बंद. तिच्या फोनवरून नेटवर्क येत असणार. शिवाय 'बायको कटकटी आहे' म्हटलं, तर 'बायको दमली आहे' उमटलं. तीनदा ओरडल्यावर 'कटकटी' आलं. कंपनीकडे तक्रार करणार.

१४ जून
शुक्रवारी साहेब घरी येणार. त्यांच्यासमोर मशीनला एक पत्र सांगायचं. जमलं तर नोकरी घरून चालू, नाहीतर माझं टेबल ऑफिसातल्या शेजारच्याला. त्याला साधं 'महोदय' नीट लिहिता येत नाही! बायको म्हणते, मी घरी थांबते. छे! साहेबांना वाटेल, हिच्याशिवाय याचं पान हलत नाही. तिला म्हटलं, बहिणीकडे जा, फोन ठेवून जा. ती काहीतरी सांगणार होती. मी बोलू दिलं नाही.

१८ जून, सायंकाळी ७
'महोदय' म्हटलं. स्क्रीन कोरी. दहा वेळा म्हटलं. कोरीच. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. जाताना म्हणाले, विश्रांती घ्या. टेबल गेलं. बायको परत आली आणि मशीन सुरळीत! ऐन वेळी दगा दिला मेल्याने.

१९ जून, सकाळी
मशीनच्या नावाने बोटं मोडत (तोंडाने) पाणी मागायला स्वयंपाकघरात गेलो. पिठाच्या डब्यावर कीबोर्ड. माझंच वाक्य ती टाइप करत होती.
सोळा दिवस!
म्हणाली, मशीन पहिल्या तासानंतरच बंद पडलं, तेव्हापासून मीच लिहितेय. तुम्ही इतके खूश होतात, मला सांगवेना. साहेबांचं पत्रही मीच लिहिणार होते, तुम्ही घालवून दिलंत. म्हणजे 'कटकटी'सुद्धा तिनेच लिहिलं.
मी म्हटलं, लिही: विश्वासघात. सख्ख्या बायकोने केलेला. तिने तस्संच लिहिलं. या वेळी एक शब्द बदलला नाही. फार लागलं.

२० जून
संकल्प कायम: कोणाचीही मदत नाही. पन्नास वाक्यं वाचायला बसलो. वाक्य पहिलं: 'कृपया मला मदत करा.' खणखणीत वाचलं. मशीन ढिम्म.
आतून ती म्हणाली, आले हं.