टेरेझाची लादीन

२४ एप्रिल १९३८, रविवार

मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर इनासने देवळाच्या पायऱ्यांवरच जाहीर केले. मे महिन्यात शाळेच्या अंगणात फार्स. नाव — 'कोकिळाबाई'. एक बेसूर बाई, तिला गाण्याचे वेड, सगळा गाव हैराण. लिहिणारा तोच, बसवणारा तोच. लोक हसले आणि वळून माझ्याकडे पाहू लागले. माझ्याकडे कशाला? गाते माझी बहीण.

टेरेझा आत मेणबत्ती लावत होती. तिला एवढेच कळले की नाटक गाणाऱ्या बाईवर आहे. वाटेत म्हणाली, "बरा केला इनासनं. गावात गान्यावर नाटक कंदी झाला न्हाय."

२६ एप्रिल

इनासचा डाव उघड आहे. मुंबईच्या कचेरीत कारकून झाला, व्हायोलिन शिकला, छापील पुस्तक घेऊन आला. मे महिन्यात रोज संध्याकाळी पाड्यातल्या क्रुसापुढे लादीन, मरियेच्या नावांची प्रार्थना, म्हणतात; ती यापुढे पुस्तकाप्रमाणे, सुरात व्हावी. आड येते टेरेझा. ती पुढे म्हणते, पाडा मागून म्हणतो. ओरा प्रो नोबिस — आमच्यासाठी विनंती कर. आईने ते लॅटिन कानाने उचलले, टेरेझाने आईकडून. तिच्या तोंडी ते 'ओरा पोर नोबी' होते. सूर कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसते. मला कान आहेत. ती चांगली गाते असे मी कधीच कुणाला सांगितलेले नाही.

पण तोंडावर 'थांब' म्हणायची हिंमत एकातही नाही. म्हणून फार्स. गावाला तिच्यावर हसवून तिला खाली बसवायचे.

२९ एप्रिल

कळस झाला. कोकिळाबाईचे काम रुडॉल्फ करणार — होड्या बांधणारा, मिशी काढून, लुगडे नेसून. इनासने त्याला आमच्याच घरी पाठवले. शिकायला!

"बाय, मना तुमच्यावानी गायाचा हाय," म्हणाला.

टेरेझाने त्याला पाट दिला. "बस. तोंड उघड. मासा धरलाय का दातात?"

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. तिथेही ऐकू येत होते. दोघांचे.

२ मे

रोज येतो. मन लावून शिकतो, हेच सहन होत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणून घेतो. टेरेझा खुशीत. त्याला चहा, वर नारळाची वडी.

तो गेल्यावर तिला सांगितले, ते तुझी टिंगल करणार आहेत.

"टिंगल कराला कोन रोज सांजचा येतो, कामधंदा सोडून?"

उरलेल्या वड्या मी डब्यात बंद केल्या.

७ मे

तालमीला गेले. नवऱ्याचे काम इनास करतो. कोकिळाबाईने 'ओरा पोर' म्हटले की हा धोतर सावरत धावत येतो — "कुनाचा पोर? कुनाचा पोर ओरडतय?" प्रत्येक ओळीला. बघे लोळत होते.

टेरेझाचा पोर दोन वर्षांचा होऊन देवीच्या साथीत गेला. त्याच मेमध्ये ती पहिल्यांदा क्रुसापुढे उभी राहिली. पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. इनासलाही.

तेवढे वाक्य काढ, म्हटले.

"मास्तरीणबाय, त्याच वाक्याला तर लोक हसतात."

"म्हणूनच काढ."

"तुमी येवऱ्या शिकलेल्या. तुमाला तरी विनोद कलला पायजे."

विनोद मला कळतो. कॉलेजात तेच शिकले. चांगल्या फार्सात हसणाऱ्याला शेवटी स्वतःकडे बघावे लागते. इथे सगळे एका घराकडे बघणार.

८ मे

फादरांकडे गेले. म्हणाले, गावाची करमणूक आहे. म्हणाले, टेरेझानेही आता जरा विश्रांती घ्यावी. म्हणजे त्यांनाही हेच हवे. दार आपटून आले.

१५ मे, रविवार

झाला फार्स.

ती पुढच्या बाकावर. लग्नाचे लाल लुगडे, केसांत अबोली. रुडॉल्फ आला, लोक हसले, तीही हसली — मिशीशिवाय तो विचित्र दिसत होता. मग तो गाऊ लागला. हुबेहूब. लोकांनी बाक बडवले. ती मान डोलवत राहिली.

मग इनास धावत आला. "कुनाचा पोर?"

तिची मान थांबली.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. शेवटी सगळे अंगणच ओरडू लागले — कुनाचा पोर, कुनाचा पोर. माझ्या शाळेतली मुलेसुद्धा. मी तिचा दंड धरला, ऊठ म्हटले. उठली नाही. पडदा पडेपर्यंत सरळ बसून राहिली. मला तिचाही राग आला.

घरी येऊन लुगड्याची घडी केली.

१६ मे

क्रुसाकडे गेली नाही. घसा बसलाय म्हणे. घसा बसलेला नाही. दुपारी कोंबड्यांवर ओरडत होती.

१९ मे

इनासची रजा आहे. तोच लादीन म्हणतो. व्हायोलिन, पुस्तक, शुद्ध लॅटिन. मागून उत्तर येत नाही. लोक ओठ हलवतात. लवकर आटोपते म्हणून खूश आहेत.

एकाही बाईने दारात येऊन विचारले नाही. विचारले ते शेजारच्या जिजाबाईने, आणि ती हिंदू. "क्रुसावरचा आवाज येत न्हाय तुमच्या बायचा. बरी हाय ना?"

टेरेझाने आतून ऐकले. भांडी घासत राहिली.

२२ मे, रविवार

मिस्सेला एकटी गेले. इनासने वाट अडवली. म्हणाला, "बायला राग आला काय? आमचा तसा काय मनात नव्हता."

"होते," म्हटले. त्याचे पुढचे ऐकायला थांबले नाही.

२४ मे

इनास कामावर गेला. पुस्तक त्याच्याबरोबर. संध्याकाळी क्रुसाकडून टेरेझाचा सूर आला. गळा रुडॉल्फचा. 'ओरा पोर नोबी.' मागून सगळा पाडा, तसाच. मी चपला घालून निघाले, त्याच्या कानफटात द्यायला. अंगणातून पाहिले. कुणी हसत नव्हते. पुस्तकातला सूर कुणाला येत नाही. हा सगळ्यांना पाठ झाला आहे.

टेरेझा चुलीपुढून उठून आली. कान देऊन उभी राहिली.

"नोबी गिलतो मेला," म्हणाली, आणि मला बाजूला सारून क्रुसाकडे गेली.