डावी बाही

४ जानेवारी

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्ता नवा बघून तू कपाळावर हात मारशील, की पोराने पुन्हा काम सोडलं. सोडलं खरं. गोदामात जीव रमेना. पण हे काम बरं आहे. मोठी लाँड्री आहे. तीन इस्पितळांच्या चादरी इथे धुवायला येतात. आम्ही सोळा जण त्या उकळतो, पिळतो आणि इस्त्रीच्या तापलेल्या रुळाखालून काढतो. आमचे अंगावरचे कपडेही रोज त्याच हौदात टाकायचे, असा मुकादमाचा नियम. बाहेरचा मळ आत नको म्हणे. खोलीत माझ्यासोबत एकजण आहे, झोपला की त्याचे पाय खाटेबाहेर लोंबतात, म्हणून त्याला लंबू म्हणतात. माणूस देवासारखा, घोरणं तेवढं राक्षसाचं.

डॉक्टर काय म्हणाले ते मला मावशीच्या पत्रातून कळलं. तू कळवलं नाहीस. मांजरांच्या केसांनी तुझी छाती भरत चालली आहे, आणि मांजरं घरातून गेली नाहीत तर औषध पाण्यात, असं ते म्हणाले ना? वाचून मलाच धाप लागली. सहाच्या सहा मीच उचलून आणलेली. कुणी गटारातून, कुणी गाडीखालून. आणायला मी शूर, निस्तरायला तू. आता माझ्यासाठी मन घट्ट कर आणि त्यांना चांगली घरं बघून दे. लंगडीला मात्र जिना नसलेलं घर बघ.

रागावलीस तरी पत्रातूनच रागाव, गप्प बसू नकोस.

तुझा,
भिंगरी


१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अ. उ. आ.

तुझ्या पायांची भिंगरी कधी थांबणार ते तुलाच ठाऊक. निदान पत्ता कळवतोस हे नशीब.

घरं शोधली. सहा मांजरं, सहा घरं. घेणाऱ्याला एकच अट घातली, पंधरा दिवसांनी मांजर कसं आहे ते पत्राने कळवायचं. लंगडीला कोपऱ्यावरच्या घड्याळजीने नेलं. एकटाच असतो बिचारा. पण तिसऱ्याच दिवशी तो तिला परत घेऊन आला. कपाटाखालून निघेना, दुधाला तोंड लावेना. पैलवान बोका आणि चोरटीचीही तीच गत झाली. मी तर रडकुंडीलाच आले होते.

मग तुझा तो तपकिरी चौकड्यांचा शर्ट आठवला. तोच घालून तू त्यांना खायला घालायचास, तोच घालून झोपायचास, आणि धुवायला कधी दिला नाहीस. तू गेल्यापासून खुंटीला तसाच होता. मी त्याचे सहा तुकडे केले. डावी बाही लंगडीच्या टोपलीत घातली, उजवी चोरटीच्या. पाठ पैलवानाला, तो आडवातिडवा आहे. कॉलर आणि समोरची उजवी बाजू जुळ्या बहिणींना. खिशाचा तुकडा म्हातारीला, तिला निवृत्त नर्सबाईंनी नेलं आहे. बाई फार स्वच्छ, पण मायाळू आहेत.

तुकड्यावर तोंड ठेवलं आणि सगळी झोपली बघ. आता घर रिकामं आहे आणि मला श्वास येतो. शर्ट न विचारता कापला, रागावू नकोस. असाही घालायला तू इथे कुठे आहेस?

वेळेवर जेवत जा, मग काय ते हिंड.

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शर्टाचं काय घेऊन बसलीस. मांजरं लागली ना मार्गाला, मग झालं.

एक गंमत सांगतो, हसू नकोस. आम्हाला दोनला जेवणाची सुट्टी असते. मी चार घास खातो आणि धुतलेल्या चादरींच्या ढिगावर आडवा होतो. गेले काही दिवस डोळा लागला, की मी एका खोलीत असतो. भिंतभर घड्याळं, आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. एक म्हातारा डोळ्याला भिंग लावून वाकलेला. मी बाजूच्या स्टुलावर बसलेला. कुणीतरी मांडीवर चढतं, तीन पायांचं वजन पडतं आणि चौथा पाय हलका. मग घुरघुर सुरू होते, थेट माझ्या हाडांत.

स्वप्न म्हणून मी सोडून दिलं असतं. पण काल मुकादमाने सगळ्यांदेखत झापलं. म्हणाला, चादरींवर मांजराचे केस कुठून आले? बघतो तर माझ्या विजारीवर मांडीपाशी केसच केस. पांढरे, मध्ये एखादा काळा. लाँड्रीत मांजर नाही गं. मागच्या दाराशी एक भुरी येते, पण ती उंबरा ओलांडत नाही.

लंगडी कशी आहे ते कळव.

तुझा,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि खाली बसले. घड्याळजीचं दुकान तू कधी पाहिलेलं नाहीस. तू गेल्यावर तो इथे आला. भिंतीवरच्या घड्याळांचं मी तुला लिहिलेलं नाही.

त्याचं पंधरा दिवसांचं पत्र माझ्यासमोर आहे. लिहितो, की लंगडी आता छान खाते. मात्र रोज दुपारी दोनला दाराशी जाते, कुणाला तरी घेऊन आल्यासारखी परत येते आणि बाजूच्या रिकाम्या स्टुलावर चढते. स्टुलावर टेकत नाही म्हणे, त्याच्या वीतभर वर बसते. म्हाताऱ्याला आधी भिंगाचा दोष वाटला. आता तो त्या वेळेला दोन कप चहा करतो.

बाकीच्या पाच जणांची पत्रंही आली. वेळ तीच, दोनची. नर्सबाईंनी लिहिलं आहे, की म्हातारी आंधळी असूनही कुणाच्या तरी तोंडाकडे टक लावून बघते.

राजा, तू दुपारी झोपू नकोस. माझं एवढं ऐक.

तुझी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

न झोपायचा प्रयत्न केला. उभा राहिलो, तोंडावर पाणी मारलं. दोन वाजले की डोळे उघडे ठेवूनही जातोच.

आणि खरं सांगू? जावंसं वाटतं. सहा घरं आहेत ताई. एकीकडे शिलाईचं मशीन चालू असतं, एकीकडे कुणी पाढे पाठ करतं, नर्सबाईंकडे पडद्यातून ऊन येतं. मी कुठेच काही बोलत नाही आणि कुणी मला कधी जाणार असं विचारत नाही. आयुष्यभर एका जागी बूड टेकलं नाही, आता सहा जागी टेकतंय.

इथलं मात्र विचित्र चाललं आहे. सोमवारी ढिगावर पडलो होतो, जागा झालो तर अंगावर चादरींची थप्पी. लंबूनेच ठेवलेली. मी ओरडलो तर तो पांढराफटक पडला. म्हणाला, शपथेवर सांगतो, इथे कुणी नव्हतं. मुकादमाने तीन दिवस माझी गैरहजेरी लावली, मी त्याच्यासमोर चादरी ओढत होतो. आणि ती भुरी सगळ्यांचे हात हुंगते, माझ्या हातापाशी आली की तशीच पुढे जाते. हात नसावाच असं.

लंबू म्हणतो, साबणामुळे. रोज उकळलेले कपडे घालून आपल्या अंगाला आपला वासच उरलेला नाही. मग माझा वास आता कुठे आहे, ते मी त्याला सांगितलं नाही.

तू घाबरू नकोस. मला दुखत काहीच नाही.

तुझा,
भिंगरी


१५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दुखत नाही म्हणतोस, त्याचीच मला भीती वाटते. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस, सहा घरांत वाटायला नव्हे.

मी विचार केला, वासामुळे होतंय तर वासच घालवावा. काल घड्याळजीकडे गेले. तो ऐकेना. म्हणाला, पाहुणा कुणाला त्रास देत नाही, तुम्हाला का खुपतो? मी हट्टच धरला. शेवटी त्याने सोडा घालून ती बाही माझ्यासमोर उकळली. लंगडी भांड्याभोवती ओरडत फिरत होती. दोन वाजले, पण ती दाराशी गेली नाही.

उतारा लागू पडला असेल तर बाकीचे पाच तुकडेही धुवून घेते. तुझं कसं आहे ते आडून आडून सांगू नकोस, सरळ लिही.

तुझी,
ताई


२२ मार्च

ताई,

नमस्कार वगैरे तू समजून घे. पत्र मिळेल तशी उठ.

चौदा तारखेला दुपारी माझा डावा हात इस्त्रीच्या रुळाला चिकटला. मी तो ओढला नाही, कारण मला कळलंच नाही. लंबूने जळल्याचा वास आला म्हणून ओढला. दवाखान्यात सुई टोचून बघितली, खांद्यापासून बोटांपर्यंत काही लागत नाही. हात हलतो, कामही करतो. पण तो माझा राहिलेला नाही.

तू धुतलीस ती डावी बाही होती.

बाकीचं काही धुऊ नकोस. शेजाऱ्यांकडे फोन लावून तुला सांगावं म्हणून मुकादमाच्या टेबलासमोर उभा राहिलो. दोनदा मागितला, त्याने मान वर केली नाही. लंबू म्हणतो, चादरींचा ढीग दिसतो पण तू दिसत नाहीस. आवाज ऐकून तो माझ्याशी बोलतो. म्हणून हे पत्र.

आज नर्सबाईंकडे होतो. त्यांनी म्हातारीच्या अंगाखालचा तुकडा काढून नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि मळक्या कपड्यांच्या टोपलीत टाकला. टोपली अर्धी भरली आहे. भरली की त्या धुणं काढतील. मी तिथेच होतो, पण मला तोंड उघडता येत नाही.

तो खिशाचा तुकडा आहे. खिसा कुठे असतो ते तुला सांगायला नको.

भिंगरी


३० मार्च

चि. भिंगरीस,
जितके आशीर्वाद शिल्लक आहेत तितके सगळे.

पत्र काल सकाळी अकरा वाजता आलं. चुलीवरचं तसंच ठेवून निघाले. चपला वेगवेगळ्या होत्या हे परत आल्यावर दिसलं. नर्सबाईंच्या मागच्या अंगणात बादली भरलेली, फेस वर आलेला, आणि त्या एकेक कपडा आत बुडवत होत्या. टोपलीत खाली तीनच राहिले होते. दोन फडकी आणि तो. मी उचलून छातीशी धरला आणि तिथेच पायरीवर बसले. श्वास मिळेना. त्यांनी माझी नाडी धरली, पाठ चोळली आणि काही विचारलं नाही. निघताना मात्र म्हणाल्या, “तो मुलगा तुमचा कोण? फार वाळलाय हो.”

मग सगळ्या घरी गेले. कुणी सहज दिला, कुणी तोंड पाडून. घड्याळजीने धुतलेली बाही घडी करून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत सहा तुकडे हाती आले, आणि माझ्यामागून एकामागे एक सहाही मांजरं. म्हातारी आंधळी, तीही भिंत धरून आली. त्यांना हाकलायला मला जोर नव्हता.

शर्ट शिवला आहे. माझी शिवण तुला माहीत आहे, हसायचं तर हस. सोबत पाठवते. आल्याबरोबर अंगात घाल, आणि मुकादमाने कितीही सांगितलं तरी हौदात टाकू नकोस.

माझ्या छातीचं विचारू नकोस. घरात पुन्हा केस उडतात. ते माझं मी बघते.

तुझी,
ताई


२ मे

ती. ताईस,
भिंगरीचा, या खेपेला घरातून, शि. सा. न. वि. वि.

मावशीकडची हवा तुला मानवली, खोकला निम्म्यावर आला, हे वाचून बरं वाटलं. आता परत यायची घाई करू नकोस. मी इथे आहे आणि सहाही माझ्याजवळ आहेत. कुणाला कुठे द्यायचं नाही आणि मला कुठे जायचं नाही. भिंगरी बसली म्हणून गावजेवण घाल हवं तर.

तुला समोरासमोर सांगितलं नाही, ते लिहितो. पार्सल आलं त्या दिवशी शर्ट घातला आणि मुकादमाने एकदम मान वर करून विचारलं, महिनाभर कुठे होतास? मी त्याच पावली पगाराचा हिशेब मागितला आणि काम सोडलं. भुरीने उंबऱ्यापर्यंत येऊन उजवा हात चाटला.

शर्ट अंगावरच असतो. अंघोळीपुरता काढतो, तेव्हा म्हातारी दाराबाहेर रडते. शेजारी नाक धरतात. धरोत.

डाव्या हाताचं तू विचारलंस. कामाला चालतो. पण मांजरांना तो दिसत नाही. उजव्या हाताने ताटली ठेवली तर सहाही तुटून पडतात. डाव्याने ठेवली तर मागे सरतात, कारण त्यांच्या लेखी ताटली आपल्या आपण हवेतून खाली आलेली असते. म्हणून मी सगळं उजव्यानेच करतो.

फक्त लंगडी घाबरत नाही. ती दुपारी दोनला दाराशी जाते. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. ती मान वर करते, डोळे मिटते, आणि तिच्या मानेवरची लव दाबली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा दाबली जाते. सावकाश, मी करायचो तसं, कानामागून पाठीपर्यंत. तिची घुरघुर मला इथवर ऐकू येते. तेवढा वेळ मी डावा हात उजव्या हाताने मांडीवर घट्ट धरून ठेवतो. तो तिथेच असतो.

औषध चुकवू नकोस, आणि माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू दे, वाटणी नको.

तुझा,
भिंगरी