नायलॉन साडीबाबत दुरुस्ती

मी, निरुपमा गोविंद टिपणीस, वय ७५, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार कारेलीबाग, बडोदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. स्मरणशक्तीची मात्र पूर्वीसारखी छातीठोक ग्वाही देत नाही. कारण कलम तीनमध्ये आहे.

१. माझे पती हयात नाहीत. राहता फ्लॅट, ठेवी व दागिने माझी एकुलती एक मुलगी शलाका हिला मिळावेत.

२. फ्लॅट शलाकाकडे असेपर्यंत खालची पार्किंगची जागा शेजारच्या हार्दिकने वापरावी. ‘मासी, पाँच मिनिट’ म्हणत अकरा वर्षे तो तिथे स्कूटर लावतोच आहे. मी त्याच्याशी फार भांडले. दवाखान्यात मात्र त्याच स्कूटरवरून गेले.

३. शलाका मुंबईत मालिकांची वेशभूषा करते. एकाहत्तरच्या युद्धावरील तिच्या मालिकेत, स्टेशनवर जवानांना चहा देणारी मुलगी फुलाफुलांच्या नायलॉन साडीत दाखवली होती. त्या डिसेंबरात मी स्वतः बडोदे स्टेशनवर चहा वाटला होता. आम्ही सगळ्या साध्या सुती साड्यांत होतो, अशी माझी खात्री. मी वाहिनीला चार पानी पत्र धाडले. ‘इतिहासाची विटंबना’ हे शब्द माझेच. शलाकाचे काम गेले.

तिने फोनवर एवढेच विचारले, “आई, आधी मला का नाही विचारलंस?”

“खरं ते खरं,” मी म्हणाले. त्यानंतर दोन वर्षे ती घरी आली नाही.

गेल्या दिवाळीत दांडिया बाजारातल्या माझ्या मैत्रिणीने, मोहनाने, जुना अल्बम काढला. त्यात स्टेशनवरचा कृष्णधवल फोटो होता. हातात किटली घेतलेली मी, आणि अंगावर मोठाल्या फुलांची नायलॉन साडी!

मोहना म्हणाली, “अगं, हट्टाने नेसून आली होतीस. म्हणालीस, लढाईवर चाललेत बिचारे, जाताना काहीतरी छान दिसू दे त्यांना.”

मी वाहिनीला चूक कबूल करणारे पत्र लिहिले. उत्तर नाही. मग शलाकाला फोन करून “चुकले” म्हणाले. ती दुसऱ्याच दिवशी आली. फोटो बराच वेळ पाहत राहिली.

“रंग कोणता होता गं?”

मी ‘गुलाबी’ म्हणणार होते. म्हणाले, “नक्की आठवत नाही.”

“हे तू आयुष्यात पहिल्यांदा म्हणालीस,” म्हणून ती हसली, मग रडली, आणि लहानपणीसारखी माझ्या मांडीवर झोपून गेली.

तिला आता दुसऱ्या मालिकेचे काम मिळाले आहे.

४. माझ्या पश्चात कोणी माझ्याविषयी काही चुकीचे सांगू लागले, तर शलाकाने आधी त्याचा चेहरा पाहावा. प्रेमाने सांगत असेल, तर दुरुस्त करू नये.

हे सर्व वाचून, पटून, साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) निरुपमा गोविंद टिपणीस

साक्षीदार :
१. (सही) मोहना कर्णिक, दांडिया बाजार
२. (सही) डॉ. हिंमतराव शितोळे, कारेलीबाग

स्थळ : बडोदे
दिनांक : ९ मार्च २०२५